फ्रीमेसन लॉजमध्ये जाण्यापूर्वी : सद्गुणांची आणि गुप्ततेची पारख कशी करावी

फ्रीमेसन हा सदस्यांना नैतिक शिकवण देणारा एक जुना बंधुसंघ आणि लॉज म्हणजे त्याची स्थानिक शाखा. अशा लॉजमध्ये येण्याचे निमंत्रण बहुधा एखाद्या स्नेह्याकडून येते, आणि तिथे नेमके काय चालते असे त्याला विचारले की उत्तर हमखास मोघम मिळते. "चांगली माणसे भेटतात, दानधर्म होतो, बाकीचे आत आल्यावर कळेल," एवढ्यावर बोळवण होते. घरात विषय निघाला तर कोणीतरी तलवारीच्या आणि डोळ्यांवरच्या पट्टीच्या ऐकीव गोष्टी तिखटमीठ लावून सांगतो. ज्याला खरोखरच निर्णय घ्यायचा आहे त्याने या दोन्हींवर विसंबू नये. लॉजमध्ये कोणते सद्गुण शिकवतात, ते कोणत्या रीतीने शिकवतात, गुप्त म्हणून काय राखले जाते आणि कुठल्या मर्यादेपर्यंत, हे सर्व बाहेर राहूनही पुष्कळसे समजून घेता येते. या लेखातील एकही गोष्ट कोणाची शपथ मोडून मिळवलेली नाही. सगळे छापील आहे आणि त्यातील काही भाग तर तीनशे वर्षे छापील आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की गुप्तता हा त्या नैतिक शिकवणीचाच एक धडा आहे, आणि या धड्याची हद्द कुठे संपते हे ज्या लॉजमधील माणसे न अडखळता सांगू शकतात, तेच लॉज विचारात घेण्याजोगे असते.

वाचनाची सुरुवात कुठून करावी

शपथा किंवा "उघडकीस आलेली रहस्ये" यांपासून वाचन सुरू करू नये, नियमांपासून करावे. या परंपरेचे मूळ मध्ययुगीन ब्रिटनमधील पाथरवट आणि गवंडी यांच्या संघटनांत शोधले जाते. चौदाव्या शतकाच्या अखेरचे किंवा पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातले एक इंग्रजी पद्य हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यात कारागिरांसाठी नियम घालून दिले आहेत. मुख्य गवंड्याने अन्नधान्याचे भाव पाहून हाताखालच्या माणसांना योग्य मजुरी द्यावी, लाच घेऊ नये, आणि धन्याच्या खोलीतील किंवा लॉजमधील बोलणे शिकाऊ मुलाने बाहेर सांगू नये, असे ते नियम आहेत. या जुन्या यादीत मजुरीचा प्रामाणिकपणा आणि तोंड बंद ठेवणे हे दोन्ही एकाच ओळीत येतात, कारण दोन्ही धंद्याचेच नियम होते. इथे अजून गूढ असे काहीच नाही.

पुढे दगड न घडवणारी माणसेही या मंडळींत येऊ लागली. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या मद्यगृहात एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले; अलीकडे काही इतिहासकार ही तारीख चार वर्षे पुढे सरकवतात, पण आपल्या कामाला त्याने फरक पडत नाही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तयार केलेली लॉजची घटना, म्हणजे नियमावली, छापून प्रसिद्ध झाली. इच्छुकाने त्यातील पहिला आणि सहावा हे दोन नियम तरी मुळातून वाचावेत. पहिल्या नियमात म्हटले आहे की सर्व माणसांना मान्य असेल एवढाच धर्म सदस्याने पाळावा, आपापली विशेष मते आपल्यापाशी ठेवावीत, आणि सच्चा व सज्जन माणूस म्हणून वागावे. सहावा नियम सांगतो की खाजगी हेवेदावे लॉजच्या दाराच्या आत आणू नयेत, आणि धर्म, राष्ट्र किंवा राज्यकारभार यांवरची भांडणे तर मुळीच आणू नयेत. ज्या देशाने शतकभरापूर्वीच धर्म आणि राजसत्ता यांच्या वादातून यादवी युद्ध पाहिले होते, त्या देशात हा नियम लिहिला गेला, हे लक्षात ठेवून तो वाचला म्हणजे त्याचे वजन कळते.

त्यानंतर, आणि त्यानंतरच, सॅम्युअल प्रिचर्ड याने १७३० मध्ये छापलेल्या पुस्तिकेकडे वळावे. लॉजमध्ये विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्याने चव्हाट्यावर मांडली आणि त्या पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. म्हणजे ज्याला "रहस्य" म्हणतात ते लंडनच्या बाजारात काही पैशांत मिळू लागल्याला आता जवळजवळ तीनशे वर्षे होत आली आहेत, आणि तरीही सदस्य ते सांगत नाहीत. ही विसंगती वाचकाने मनात ठेवावी. गुप्ततेचा विचार करताना तिचा उपयोग होईल.

सद्गुण हत्यारांतून कसे वाचावेत

लॉजमध्ये तीन पायऱ्या असतात : शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन. प्रत्येक पायरीला गवंडीकामाची काही हत्यारे दाखवली जातात आणि त्यांचा नैतिक अर्थ सांगितला जातो. गुण्या म्हणजे वागण्यातला काटकोन, पाणसळ म्हणजे माणसामाणसांतली समानता, ओळंबा म्हणजे ताठ, सरळ चाल, आणि कंपास म्हणजे स्वतःच्या वासनांना आखलेले वर्तुळ. यांखेरीज विवेक, संयम, धैर्य आणि न्याय या चार गुणांचा, श्रद्धा, आशा आणि परोपकार या तिघांचा, आणि बंधुप्रेम, मदत व सत्य या त्रिसूत्रीचा उच्चार वारंवार होतो. एवढी मोठी यादी ऐकली की ती सुविचारांच्या फळ्यासारखी वाटते, आणि खरे सांगायचे तर भाषणांतून ती पुष्कळदा तशीच राहते. म्हणून वाचकाने यादी पाठ करण्याच्या भरीस न पडता एक-दोन हत्यारे घेऊन ती स्वतःवर लावून पाहावीत.

पहिल्या पायरीची २४ इंचांची मोजपट्टी यासाठी सर्वांत सोयीची आहे. गवंड्याला ती दगड मोजायला लागते. लॉजमध्ये तिचे २४ इंच म्हणजे दिवसाचे २४ तास असे सांगतात. त्यांतील काही भाग ईश्वरचिंतनाला, काही काम आणि विश्रांतीला, आणि काही अडचणीत सापडलेल्या मित्राला किंवा बंधूला मदत करण्यासाठी द्यावा, असा पाठ आहे. मात्र ही मदत स्वतःची आणि स्वतःवर अवलंबून असलेल्यांची हानी न करता करावी, अशी अटही तिथेच घातलेली आहे. ही अट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण घरच्यांना उपाशी ठेवून परोपकार करणाऱ्याचा गौरव करण्याची सवय आपल्याला फार आहे. इच्छुकाने एक आठवडा वही घेऊन रोज रात्री आपले तास या तीन रकान्यांत लिहून काढावेत. तिसऱ्या रकान्यात किती तास पडतात हे पाहिले म्हणजे लॉजमध्ये आपण काय घेऊन जाणार आहोत आणि काय शोधत आहोत याचा अंदाज येतो.

हातोडा आणि छिन्नी यांचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लॉजमध्ये एका बाजूला अनघड दगड आणि दुसऱ्या बाजूला घडीव दगड प्रत्यक्ष ठेवलेला असतो. फरक इतकाच की इथे घडवणारा आणि घडला जाणारा एकच आहे.

या सगळ्यांत दीक्षाविधीचा एक भाग मात्र नीट पाहण्यासारखा आहे. विधीपूर्वी उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ अशा धातूच्या वस्तू काढून ठेवतात. विधीच्या ओघात त्याला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभे करतात, कारण मोठ्या इमारतींच्या पायाचा दगड तिथे बसवण्याची जुनी प्रथा आहे. ईशान्य कोपऱ्याचे महत्त्व आपल्याकडे वेगळे सांगायला नको. मग सर्वांच्या देखत त्याच्यासमोर दानाची थाळी धरून विचारतात की गरजूंसाठी तू काय देतोस? त्याच्याजवळ काहीच नसते. खिशाकडे गेलेला हात रिकामा परततो, आणि देण्याची इच्छा असूनही देता येत नाही, असे त्याला कबूल करावे लागते. त्यानंतर त्याला सांगतात की पुढे कधी एखादा बंधू हलाखीत भेटला, तर आपण स्वतः इथे कसे निष्कांचन उभे होतो हे आठव. दानावरचे कितीही व्याख्यान ऐकले तरी जे साधणार नाही ते या अर्ध्या मिनिटाच्या अवघडलेपणात साधते. आणि हा प्रसंग आधी वाचून गेलेल्या माणसाला तो तितकासा बोचत नाही, हेही खरे आहे. ज्याला दीक्षा घ्यायचीच आहे त्याने हा परिच्छेद वाचून थोडे नुकसान करून घेतले आहे, पण माहितीशिवाय शपथ घेण्यापेक्षा ते नुकसान मला परवडणारे वाटते.

गुप्त काय आणि गुप्त काय नाही

गुप्त राखायच्या गोष्टी मोजक्या आहेत : सदस्यांनी एकमेकांना ओळखण्याच्या खुणा, हस्तांदोलनाचे प्रकार आणि काही शब्द. गवंडी गावोगाव कामाला फिरत असत तेव्हा नवख्या माणसाने कसब खरोखर शिकले आहे की नाही हे ओळखण्यासाठी अशा खुणा उपयोगी पडत, असे सांगितले जाते. याउलट लॉजची जागा, सभेचे दिवस, पदाधिकारी, तत्त्वे आणि घटना यांत गुप्त काही नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉल भर वस्तीत, नावाच्या पाटीसह उभा आहे. भारतातील लॉजचे स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत स्थापन झाले, रामपूरचे नवाब रझा अली खान त्याचे पहिले ग्रँड मास्टर होते, हेही जाहीर आहे. सदस्याला स्वतःचे सदस्यत्व सांगण्यास मोकळीक असते; दुसऱ्याचे मात्र त्याच्या संमतीवाचून सांगू नये, असा शिष्टाचार आहे.

मग जे तीनशे वर्षांपूर्वी छापले गेले ते आज न सांगण्यात काय हशील? इथे आपल्याकडच्या गुरुमंत्राचा दाखला उपयोगी पडेल. गुरू कानात सांगतो तो मंत्र पुष्कळदा कोणत्याही स्तोत्रसंग्रहात सापडतो, तरीही दीक्षा घेतलेला माणूस तो चारचौघांत उच्चारत नाही, आणि त्याला कोणी लपवाछपवी म्हणत नाही. शब्दाची किंमत बाजारात शून्य असली तरी दिलेल्या वचनाची किंमत तितकी उरतेच. क्षुल्लक गोष्टीबाबतही जो जीभ आवरू शकतो, त्याच्यापाशी मित्राचे कर्ज, घरातले आजारपण किंवा नोकरीतली नामुष्की सांगायला माणूस धजतो. खुणा आणि शब्द हे त्या सवयीच्या सरावासाठीचे साहित्य आहे, असे मी समजतो. दीक्षेनंतरच्या उपदेशात मौन, निष्ठा आणि आज्ञापालन हे तीन गुण एका दमात सांगितले जातात ते याचमुळे.

परंतु या मौनाला कुंपण आहे, आणि इच्छुकाने सर्वांत आधी विचारायची गोष्ट हीच आहे. इंग्लंडमधील प्रचलित विधीत मास्टर मेसन आपल्या बंधूची गुपिते राखण्याचे वचन देतो, तेव्हा खून, राजद्रोह, गंभीर गुन्हे आणि देवाच्या व देशाच्या कायद्याविरुद्धची इतर सर्व कृत्ये त्यातून स्पष्टपणे वगळलेली असतात. शपथ मोडल्यास शरीराला काय काय होईल याची जी भयानक जुनी वर्णने शपथेत होती, ती तेथील ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून काढून टाकली. ती शिक्षा प्रत्यक्षात कोणी देणार नाही हे सर्वांना ठाऊक होते, तरीही प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या ठिकाणी खोटी धमकी शपथेवर वदवून घेणे विचित्रच होते.

राज्यसंस्थेनेही हे कुंपण बाहेरून घातले आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने ब्रिटिश संसदेने १७९९ मध्ये गुप्त शपथा घेणाऱ्या संस्थांवर बंदी घातली, तेव्हा फ्रीमेसन लॉजना सूट मिळाली ती एका अटीवर : दरवर्षी सदस्यांची नावे सरकारदरबारी नोंदवावीत. ही व्यवस्था १९६७ पर्यंत कायद्यात होती. त्यामुळे फ्रीमेसनांची गुप्तता आणि क्रांतिकारकांची गुप्तता यांची गल्लत करू नये. नाशिकच्या मित्रमेळ्यातून १९०४ मध्ये उभी राहिलेली अभिनव भारत ही खरोखरच गुप्त संघटना होती. तिथे नाव उघड होणे म्हणजे अंदमान किंवा फाशी. लॉजच्या मौनाला असली किंमत कधी मोजावी लागलेली नाही, निदान आपल्या देशात तरी.

मौन कुठे नासते

वाचकाने दोन प्रकरणे तपशिलाने अभ्यासावीत, कारण परिचय करून देणारा स्नेही ती बहुधा सांगणार नाही.

पहिले अमेरिकेतील. न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया गावच्या विल्यम मॉर्गन याने १८२६ मध्ये मेसनांची गुपिते छापण्याचे जाहीर केले. त्याला किरकोळ कर्जाच्या कारणावरून कॅनन्डेग्वा येथे तुरुंगात टाकण्यात आले, मग कोणीतरी कर्ज फेडून त्याला सोडवले, बंद गाडीत घालून नायगारा किल्ल्याकडे नेले, आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. लोकांचा संताप जितका अपहरणावर होता तितकाच पुढच्या खटल्यांवर होता. शिक्षा किरकोळ झाल्या, आणि न्यायाधीश, शेरीफ व ज्यूरीतले पंच यांच्यात मेसन किती आहेत याची चर्चा सुरू झाली. त्यातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला आणि १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या उमेदवाराने व्हरमाँट राज्य जिंकले. हजारो सदस्यांनी लॉज सोडले.

दुसरे प्रकरण इटलीतील. मार्च १९८१ मध्ये आरेझ्झोजवळ लिचो जेल्ली या व्यक्तीच्या जागेवर पोलिसांनी छापा घातला तेव्हा 'प्रोपगांडा दुए' या लॉजच्या सदस्यांची ९६२ नावांची यादी हाती लागली. तीत मंत्री होते, खासदार होते, लष्करी अधिकारी होते आणि गुप्तचर संस्थांचे प्रमुख होते. या लॉजची मान्यता तेथील मातृसंस्थेने १९७६ मध्येच स्थगित केली होती, तरी ते चालूच राहिले. सरकार कोसळले, आणि १९८२ मध्ये गुप्त संघटनांना मनाई करणारा कायदा झाला. इथे खुणा आणि शब्द यांना कोणी विचारतही नव्हते. लपवली जात होती ती माणसे आणि त्यांचे परस्परांतले व्यवहार.

या दोन्हींवरून पारखण्याची एक साधी रीत हाती येते. लॉजमध्ये जे झाकले जाते त्याची मनातल्या मनात यादी करावी आणि त्यातील प्रत्येक गोष्टीने कोणा तिऱ्हाइताचा तोटा होतो का, हे पाहावे. हस्तांदोलनाची रीत झाकल्याने कोणाचेच नुकसान होत नाही. एखाद्या विधवेला दिलेली मदत झाकली तर तिची अब्रू राखली जाते. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे तो त्यासाठीच. निविदा, बढती, बदली किंवा खटला यांत "आपला माणूस" म्हणून केलेली शिफारस झाकली जात असेल, तर बाहेर उभ्या असलेल्या कोणाचा तरी हक्क बुडालेला असतो. अशा ठिकाणी झाकली मूठ कितीही लाखांची असली तरी तिथे थांबू नये.

समानतेची पाणसळ लावून पाहावी

पाणसळ हे लॉजचे आवडते चिन्ह असल्यामुळे ते लॉजच्याच भिंतीला लावून पाहणे वाजवी ठरेल. नव्या सदस्याचा निर्णय गुप्त मतदानाने होतो. प्रत्येक जण पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकतो, आणि ठरावीक संख्येपेक्षा अधिक काळ्या गोळ्या पडल्या तर उमेदवार नाकारला जातो. काळी गोळी कोणी आणि का टाकली हे विचारायचे नाही. या एका ठिकाणी गुप्तता सद्गुणाच्या बाजूने उभी राहत नाही, असे इतिहास सांगतो.

माणकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी १८४० च्या सुमारास लॉजमध्ये प्रवेश मागितला तेव्हा येथील युरोपीय सदस्यांनी तो दिला नाही. त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनने १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन केले, ते भारतीयांना दार उघडे व्हावे म्हणून. याच लॉजमध्ये पुढे पारशी विद्वान व सुधारक खरशेदजी रुस्तमजी कामा आले. हिंदूंबाबतची खळखळ आणखी पुढे चालू राहिली, कारण मूर्तिपूजकाची शपथ एकाच परमेश्वरासमोर घेतलेली मानावी का, असा प्रश्न काढला जाई. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ मध्ये प्रवेश मिळाला तो बरीच वर्षे झगडल्यावर. त्याच शहरात १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली; ते पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाले.

अमेरिकेत हा डाग अधिक गडद आहे. प्रिन्स हॉल आणि इतर स्वतंत्र कृष्णवर्णीयांना १७७५ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रिटिश लष्करी लॉजने दीक्षा दिली, १७८४ मध्ये लंडनहून त्यांच्या लॉजची सनद मंजूर झाली, पण गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांना बंधू म्हणून मान्य करण्याची आजची प्रक्रिया सुरू झाली ती १९८९ मध्ये, कनेक्टिकटपासून. दोन शतके पाणसळ भिंतीवर टांगलेली होती आणि मजला तिरका होता.

स्त्रियांना तर मुख्य प्रवाहातील लॉज आजही सदस्य करून घेत नाहीत. स्त्री-पुरुष दोघांसाठीची शाखा १८९३ मध्ये पॅरिसमध्ये मारिया देरेस्म आणि जॉर्ज मार्तँ यांनी सुरू केली, आणि ॲनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती भारतात आणली. ज्या वाचक भगिनींना या मार्गात रस आहे त्यांनी त्या शाखेची चौकशी करावी. पुरुष इच्छुकानेही लॉजला विचारावे की गेल्या काही वर्षांत कोणकोणत्या जातीधर्मांचे आणि व्यवसायांचे लोक तुम्ही घेतलेत. उत्तर देताना कोणी नावे सांगणार नाही आणि सांगूही नयेत, पण उत्तराचा सूर बरेच काही सांगून जातो.

अर्ज करताना

अर्जदार सज्ञान पुरुष असावा, सामान्यतः २१ वर्षे पूर्ण झालेला असावा, आणि परमेश्वर मानणारा असावा. तो कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नाही. दोन सदस्यांनी त्याचे नाव सुचवून अनुमोदन द्यावे लागते. काही सदस्य घरी येऊन भेटतात. ही भेट औपचारिक समजून पत्नीला किंवा आईवडिलांना दुसऱ्या खोलीत बसवू नये. महिन्यातून एक-दोन संध्याकाळी आणि वर्षाकाठी काही रक्कम घरातून जाणार आहे, तेव्हा त्यांचे प्रश्नही तिथेच विचारले जावेत. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी, सभेत कमरेला बांधायचा ॲप्रन व पुस्तके यांचा खर्च, सभेनंतरच्या जेवणाचा खर्च, आणि दानासाठी अपेक्षित रक्कम असे सगळे आकडे आधी लिहून घ्यावेत. पैशांचे विचारायला संकोच वाटतो, पण मोजपट्टीचा पाठ देणाऱ्या मंडळींना त्याचा राग येण्याचे कारण नाही.

उमेदवाराला असेही जाहीर करावे लागते की आपण मित्रांच्या आग्रहाने किंवा आर्थिक लाभाच्या हेतूने आलेलो नाही. धंद्याच्या ओळखी वाढवण्यासाठी जाणाऱ्याची सुरुवातच म्हणून खोट्या विधानाने होते. त्याने व्यापारी मंडळाचे सदस्य व्हावे, तिथे तेच काम उजळ माथ्याने करता येते. वसई, मुंबई किंवा गोव्यातील कॅथलिक वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ मध्ये घातलेली बंदी चर्चने उठवलेली नाही, आणि नोव्हेंबर १९८३ मधील व्हॅटिकनच्या निवेदनानुसार मेसन होणाऱ्या कॅथलिकाला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. "आता ते सगळे शिथिल झाले आहे," असे कोणी सांगितले तर त्यावर न विसंबता आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

शपथ घेण्यापूर्वी परिचय करून देणाऱ्या सदस्याला तीन प्रश्न सरळ विचारावेत : माझ्या नोकरीच्या कर्तव्याशी, कुटुंबाशी किंवा देशाच्या कायद्याशी विसंगत असे काही या शपथेत आहे का, कोणत्या गोष्टी मौनातून वगळलेल्या आहेत, आणि लॉजचे हिशेब सदस्यांना पाहायला मिळतात का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना कोणतेच गुपित फुटत नाही, त्यामुळे "आत आल्यावर कळेल" हे उत्तर इथे स्वीकारू नये.

सदस्य झाल्यावर

मौन पाळण्यात नवखा माणूस दोन टोकांना जातो. एक जण मित्रांत सूचक हसत बसतो आणि गूढतेचा बडेजाव करतो. दुसरा बायकोपासून सभेची तारीखही लपवतो. दोघांनाही धडा समजलेला नाही. कुठे गेलो होतो, कोणाबरोबर जेवलो, दानासाठी काय ठरले, हे घरी सांगण्यास हरकत नसते. खुणांविषयी कोणी छेडले तर "ते सांगायचे नाही असे मी कबूल केले आहे," एवढे साधे उत्तर द्यावे आणि विषय बदलावा.

सद्गुणांची प्रत्यक्ष कसोटी लागते ती भांडणात. ॲप्रन बांधताना दिल्या जाणाऱ्या उपदेशात एक कडक सूचना आहे : ज्या लॉजमध्ये आपले ज्याच्याशी वितुष्ट आहे असा बंधू हजर असेल, तिथे ॲप्रन बांधून आत जाऊ नये. त्याला बाहेर बोलवावे, वाद मिटवावा, मिटला तर दोघांनी मिळून आत जावे, आणि न मिटल्यास दोघांनी किंवा एकाने परत फिरावे. ही सूचना ज्या लॉजमध्ये खरोखर पाळली जाते, तिथल्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात कधीतरी दोन प्रौढ गृहस्थ ॲप्रन हातात घेऊन हळू आवाजात बोलत उभे असलेले दिसतील. नव्या सदस्याने विधीतील संवाद तोंडपाठ करण्याइतकाच वेळ ही एक सवय लावून घेण्यात घालवावा. आजारी सदस्यांची आणि दिवंगत सदस्यांच्या कुटुंबांची विचारपूस करण्यासाठी अनेक लॉजमध्ये एक पदाधिकारी नेमलेला असतो. त्याच्याबरोबर भेटींना जाण्याची तयारी पहिल्याच वर्षी दाखवावी. ऑड फेलोज या दुसऱ्या बंधुसंघाने तर आजाऱ्याला भेटणे, संकटग्रस्ताला मदत करणे, मृताला मूठमाती देणे आणि अनाथाला शिकवणे हीच आपली आज्ञा म्हणून सांगितली आहे, आणि सरकारी विमा नसलेल्या काळात अमेरिकेतील कष्टकऱ्यांना त्या संघाचा मोठा आधार होता.

काही काळाने आपल्याला हे मानवत नाही असे वाटले, तर लॉजला लेखी राजीनामा द्यावा, थकलेली वर्गणी भरावी आणि येणे बाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे. पुढे दुसऱ्या लॉजमध्ये जावेसे वाटल्यास तेच पत्र लागते. कारण सांगण्याची सक्ती नसते. खुणा आणि शब्द यांबद्दलचे वचन राजीनाम्यानंतरही पाळायचे असते, परंतु आत असताना कोणाचा गुन्हा किंवा गैरव्यवहार नजरेस आला असेल, तर त्याविषयी पोलिसांना किंवा न्यायालयाला सांगण्यास ते वचन आड येत नाही, कारण शपथेतील अपवाद सदस्य असताना जितका लागू होता तितकाच नंतरही लागू राहतो.